एल्कना प्रॅट यांचे हरलेले सामने

माझे सासरे एल्कना प्रॅट आमच्या ओहायोतल्या गावाकडून अकरा वर्षं बेसबॉलचा चेंडू फेकत होते. त्या काळी संघात फेकणारा एकच असायचा. त्यांचा उजवा हात कोपरात वाकला तो कायमचा. जेवणाआधी प्रार्थनेला हात जोडतानाही दुखायचा.

जुन्या थोर खेळाडूंची यादी करायला शहरातून मिस्टर लूमिस आले. सासरे सकाळपासून वाट बघत होते. मी सफरचंदाचा केक वाढला.

"दोनशे तीन सामने जिंकलात, पण दोनशे चाळीस हरलात की हो," लूमिस वही बघत म्हणाले.

"सोमवारी हरलो तरी मंगळवारी मीच फेकायचो. दुसरा होताच कोण?"

"तेव्हा चेंडू खालून फेकायचे ना, आजोबा. जोर कुठे लागायचा त्याला?"

"मग हा हात काय लोणी घुसळून वाकला?"

लूमिस हसले. केक संपवून त्यांनी वहीतलं सासऱ्यांचं नाव खोडलं.

"एकही सामना चुकवला नाही मी. ते लिहिलंय का कुठे?"

"त्याचा रकाना नाही."

ते गेल्यावर मी म्हटलं, "देवाकडे नोंद असेल, बाबा."

"त्यालाही जिंकणारेच आवडतात, पोरी."

त्या रविवारी मी चर्चला एकटीच गेले.