मला न इचारता

दिवाणजीनं बादली उचलली आन् माझ्या डोक्यावर पालथी केली.

"गरम होतंय न्हवं तुला? घे. गार हो."

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची वखार. आमी चौदा बाया ताडपत्रीवर बसून हळकुंडं निवडत हुतो. जाड एकीकडं, बारीक एकीकडं, किडकं मागं. चैत्राचं ऊन, वर पत्रा. बादलीतलं पाणी आमी हात धुतल्यालं, पिवळं, गढूळ. साडी अंगाला चिकटली. झंपर चिकटलं. वखारीचं दार सताड उघडं आन् दारात हमाल उभे. एकानं शीळ घातली. बाकीचे हसले.

त्या हमालांत माझा नवरा हुता. पाठीवर पोतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग खाली बघितलं आन् पोतं घेऊन ट्रककडं गेला.

माझा गुन्हा काय, तर मला घाम आला हुता. घाम सगळ्यांनाच येतो. पण माझा घाम निराळा. बसल्या जागी छातीतनं जाळ उठायचा, मानेवर यायचा, तोंडावर चढायचा. काळीज धडधडायचं. हनुवटीवरनं थेंब पडायला लागायचे. दोन-तीन मिनिटं. मग अंग गार पडायचं आन् थंडी वाजायची. त्या दिवशी तिसऱ्यांदा झालं. मी पदर बाजूला सारला आन् पुठ्ठ्याच्या तुकड्यानं वारा घ्यायला लागले.

नेमकी तवाच मालकाची आई माल बघायला आली.

"अगं ए, घाम पडतोय मालावर! कुठल्या समाजाची गं तू?"

आमच्या आज्यानं धम्म घेतला तवा घरातले देव नदीत सोडले हुते. त्यानं आमाला शिकवलं हुतं, कुणी इचारलं तर मान वर करून सांगायचं. मी मान वर केली. म्हणले, "आमी बौद्ध."

तिनं नाकाला पदर लावला. "ही हळद देवाला जाते. सुवासिनीच्या कपाळाला लागते. हिच्या पुढचा ढीग वेगळा काढा. गुरांच्या औषधाला द्या." मग बाकीच्या बायांना म्हणली, "आणि हिला सारखं होतंय काय?"

माझ्या शेजारची बोलली, "पिशवी काढलीया तिची, माईसाहेब. ऑपरेशन झाल्यापास्नं असंच."

"मग असली बाई कामाला कशाला ठेवली?"

एवढं ऐकलं आन् दिवाणजीनं बादली उचलली. मालकिणीला खूश करायला. माझ्यावर त्याचा वेगळा राग नव्हता. त्येच मला जास्त लागतं. राग नसताना माणूस माणसावर असं पाणी वततो.

मी काय केलं? काय न्हाई. ओल्या साडीत सांजच्यापत्तोर हळकुंडं निवडली. उठून त्याची गचांडी धरायला पायजे हुती. धरली न्हाई. त्ये मला अजून चावतं.

घरी आले तर नवरा आधीच आल्याला. मी पिवळी साडी पिळत हुते. त्यो म्हणला, "चारचौघांत माझी लाज काढलीस."

"मी काढली? तुमी बघत हुता."

त्यानं कानफाडात दिली. मी म्हणले, "बघत हुता आन् पोतं घेऊन गेला." त्यानं दुसरी दिली. म्हणला, "लाकूड झालीस तू. ना अंथरुणात कामाची, ना कामावर कामाची." आन् चप्पल घालून भाईर गेला.

खरं हुतं त्याचं एक. अंथरुणात मला सोसत न्हवतं. आत कोरडं पडल्यालं, काचेनं खरवडल्यासारखं दुखायचं. मी त्याला सांगितलं हुतं. त्याला वाटायचं मी नाटक करती.

माझी थोरली पोरगी सुजाता. तवा धावीला. तिनं मला पाणी आणलं. तिच्या हातनं तांब्या निसटला. एवढंच. मी चुलीजवळचं लाटणं उचललं आन् तिच्या हातावर मारलं. एकदा न्हाई, तीनदा. मनगट टरारून सुजलं. नवऱ्याचा राग, दिवाणजीचा राग, सगळा त्या एवढ्याशा मनगटावर काढला. हे मी झाकून ठिवणार न्हाई. माझ्यावर झालं त्येच मी तिच्यावर केलं.

ती रडली न्हाई. हात पोटाशी धरून म्हणली, "आई, तू आधी अशी न्हवतीस. ऑपरेशनात तुझं काय केलंय त्यांनी?"

ऑपरेशन आदल्या साली झालं हुतं. माझ्या अंगावरनं जात हुतं, महिन्यातनं पंधरा दिवस. सांगलीतल्या एका खाजगी दवाखान्यात नवऱ्यानं नेलं. डॉक्टरनं पोट दाबलं आन् नवऱ्याला म्हणला, "पिशवी सडलीय. कॅन्सर होईल. तीन पोरं झाली ना? आता पिशवी काय करायचीय?" मी टेबलावर उताणी, पाय वर. बोलणं सगळं माझ्या पायावरनं चाललं हुतं, डॉक्टरचं नवऱ्याशी. मला सातवीपत्तोर शाळा. मला सही येते. नवऱ्याला नुसतं नाव गिरवता येतं, वाचता येत न्हाई. पण कागद त्याच्या हातात दिला. त्यानं नाव गिरवलं.

टाके वाळले आन् महिन्याभरात हा जाळ सुरू झाला. रातची झोप गेली. गुडघे धरले. सारखं रडू यायचं, न्हाई तर मारावं वाटायचं. डॉक्टरकडं गेले तर म्हणला, "मनाचं आहे. कामात मन रमव." माझी आई वाईजवळच्या गावात राहती. तिला इचारलं. ती म्हणली, "माझं पन्नाशीला थांबलं. जरा गरम व्हायचं, पण असं न्हाई. आन् तुझं काय वय झालंय का?" छत्तीसावं चाललं हुतं मला. मला वाटलं मी येडी व्हायला लागले.

सुजातानं ट्रंकेतला दवाखान्याचा कागद काढला. सगळा इंग्रजीत. सुजलेल्या हातानं ती एकेक अक्षर लावायला लागली. एका शब्दावर थांबली. मग शाळेचं विज्ञानाचं पुस्तक आणलं. त्यात बाईच्या पोटाचं चित्र हुतं, नावं मराठीत आन् इंग्रजीत. पुस्तकातला शब्द आन् कागदावरचा शब्द तिनं शेजारी शेजारी धरले.

"आई, ह्यो गर्भाशय. तुमी पिशवी म्हणता ती. आन् ह्या बाजूला ही दोन हायेत, ती अंडाशयं. कागदावर लिवलंय, ती बी काढल्यात."

"कंचं?"

"दोन्ही. डावं बी, उजवं बी."

मी त्या चित्राकडं बघत बसले. छत्तीस वर्सं माझ्या पोटात काय हाय हे मला ठाऊक न्हवतं. काढून टाकल्यावर एका वर्सानं कळलं.

दुसऱ्या दिवशी वखारीत गेले न्हाई. परत कवाच गेले न्हाई. पोरीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तिथं तरणी डॉक्टरबाई हुती. तिनं कागद वाचला, मला खुर्चीवर बसवलं. खुर्चीवर. मग सांगितलं, "पाळी जाताना बाईला जे हळूहळू, काही वर्षांत होतं, ते तुम्हाला एकदम झालं. अंडाशयं काढली की असं होतं. घाम, धडधड, चिडचिड, झोप जाणं, कोरडेपणा, सगळं त्याचंच. तुम्ही वेड्या झालेल्या नाही."

मी इचारलं, "ती खराब हुती का?"

तिनं कागद परत वाचला. वर बघितलं न्हाई. म्हणली, "कागदावर तसं काही लिहिलेलं नाही."

तिनं गोळ्या दिल्या. हाडं ठिसूळ व्हत्यात म्हणून कॅल्शियमच्या वेगळ्या. चहा कमी करा, सुती नेसा, चालत जा, असं सांगितलं. मी सगळं केलं. जाळ थोडा कमी झाला. पण त्या एका वाक्याचं औषध तिच्याकडं न्हवतं.

पंधरा दिवसांनी मी त्या खाजगी दवाखान्यात गेले. सुजाता संगं. बाकड्यांवर धा-बारा बाया. नंबर लावला, दीड तास बसले. आत जाऊन कागद टेबलावर ठिवला.

"माझी अंडाशयं का काढली?"

डॉक्टर हसला. "हा शब्द कुणी शिकवला तुला?"

"का काढली?"

"पिशवीबरोबर काढून टाकली. पुढं त्यात गाठी झाल्या तर पुन्हा पोट फाडायला नको. तुझ्या भल्यासाठीच केलं."

"खराब हुती?"

"नव्हती. झाली असती."

"मग मला का इचारलं न्हाई?"

"नवऱ्यानं सही दिलीय. आणि तुम्हा लोकांना एकेक गोष्ट समजावत बसलो तर माझं काम कधी संपायचं? हळद निवडणारी बाई तू. तुला सांगून काय कळणार होतं?"

तवाच छातीतनं जाळ उठला. मान, तोंड, डोस्कं. घामाचे थेंब त्याच्या टेबलाच्या काचेवर पडायला लागले. त्यानं नर्सला हाक मारली, "हिला बाहेर ने. आणि काच पुसून घे."

काच पुसून घे.

टेबलावर कागद दाबायचा जड काचेचा गोळा हुता. मी त्यो उचलला आन् दोन्ही हातानं टेबलावर हाणला. टेबलाची काच ह्या टोकापास्नं त्या टोकापत्तोर तडकली. डॉक्टर खुर्चीसकट मागं भिंतीला गेला. त्याच्या तोंडावर भ्या हुतं. माझं भ्या. असल्या माणसाच्या तोंडावर आपलं भ्या मी जल्मात पयल्यांदा बघितलं. खोटं सांगत न्हाई, बरं वाटलं. लय बरं वाटलं. दुसऱ्यांदा हात उचलला त्यो त्याच्या डोस्क्यासाठी.

सुजातानं माझा हात धरला. त्याच हातानं, ज्याची सूज अजून पुरती उतरली न्हवती. मी हिसका दिला असता तर त्या हाताला परत लागलं असतं. म्हणून मी गोळा खाली ठिवला. डॉक्टरसाठी न्हाई.

कंपाउंडरनं माझे केस धरले आन् ओढत भाईर आणलं. भाईरच्या बाया उठून उभ्या. मी पदर बाजूला केला, निऱ्या खाली केल्या आन् पोटावरचा टाक्याचा वण दावला. सगळ्यांसमोर. तिथं दोन-तीन बाप्ये बी हुते. बघू द्या म्हणलं. वखारीत लोकांनी मला बघितलं त्ये माझ्या मनाइरुद्ध. इथं मी माझ्या मर्जीनं दावत हुते.

"इथनं माझी पिशवी काढली आन् संगं चांगली अंडाशयं काढली. मला सांगितलं न्हाई. तुमचं काय काय काढणार हायेत, इचारा. कागद वाचून घ्या. सही तुमची करा."

एक तरणी पोर, पंचवीस-सव्वीसची, मांडीवर फाईल. म्हणली, "मावशी, माझं उद्या हाय."

"सही कुणाची घेतलीया?"

"ह्यांची."

ती उभी राहिली. तिच्या सासूनं दंड धरून तिला खाली बसवलं. ती बसली. तिचं पुढं काय झालं मला ठाऊक न्हाई. मी तिला उठवू शकले न्हाई.

पोलीस घरी आला. चौकीत मला सांजच्यापत्तोर बाकड्यावर बसवलं. फौजदार म्हणला, "डॉक्टरसाहेबांची माफी माग, सोडतो." मी म्हणले, "त्या कागदावर माझी सही दावा. मग मागते." त्यानं दोन शिव्या दिल्या. पाच वाजले तवा जा म्हणला. माफी मी मागितली न्हाई.

मग मी मंडईत भाजी घेऊन बसायला लागले. जाळ उठला की ओलं फडकं मानेवर ठिवायचं, कुणी बघितलं तर बघू द्यायचं. सुजाताची मी माफी मागितली. ती म्हणली, "माफी नको. परत मारू नगंस." मारलं न्हाई. लय येळा हात उठला. उठलेला हात मी माझ्याच मांडीखाली दाबून बसले हाय.

दोन वर्सांनी माझी नणंद शालन आष्ट्यासनं आली. तिचा नवरा मिल्ट्रीत, लांब कुठंतरी पोस्टिंगला. तिला बी डॉक्टरनं पिशवी काढायला सांगितली हुती. नवरा जवळ न्हाई म्हणून भावाची सही आणा म्हणले. तिनं कागद माझ्या नवऱ्यापुढं धरला. त्यानं पेन काढलं.

मी कागद त्याच्या हातातनं काढून घेतला.

"तिला इचारलं का कुणी?"

"तू मधी पडू नगंस," त्यो म्हणला आन् हात उचलला.

मी त्याचं मनगट धरलं. हमालाचं मनगट, पोती उचलून दगड झाल्यालं. पण धरलं. "एकदा वाचता न येता गिरवलंत. त्याचं काय झालं त्ये माझ्या अंगात हाय. तिचं अंग हाय. सही ती करंल, न्हाईतर कुणीच करणार न्हाई."

त्यानं हात सोडवायचा प्रयत्न केला. मी सोडला न्हाई. शेवटी त्यानंच हात ढिला सोडला. पेन शालनकडं सरकवलं आन् म्हणला, "मला वाचता येत असतं तर..." त्ये वाक्य पुरं करायला मी त्याला मदत केली न्हाई.

शालनला मी सरकारी दवाखान्यात नेलं. तिची पिशवी खरंच काढायला लागली, गाठ मोठी हुती. पण आधी डॉक्टरनं चित्र काढून तिला दावलं, काय काढणार, काय ठिवणार. तिची अंडाशयं ठिवली. कागदावर तिचं नाव हाय, तिच्या हातचं.

आता आष्ट्यापास्नं सांगलीपत्तोर कुठल्याबी बाईला पिशवी काढायला सांगितली आन् तिनं मला हाक मारली, की मी भाजीची पाटी शेजारणीकडं दिऊन उठते. तिच्यासंगं आत जाते. भाईर थांबा म्हणलं तर थांबत न्हाई. काय काढणार, का काढणार, न काढता भागंल का, हे तिला मराठीत सांगा म्हणते. सरळ सांगितलं तर गप बसते. न्हाई सांगितलं तर दारातनं हलत न्हाई. माझे केस धरून भाईर ओढायला त्यांच्याकडं अजून माणसं हायेत.

मी बी हाय.