खरडून गेलेलं रान

केसरबाई लग्न होऊन सांडूच्या घरी आली, त्या वर्षी सासऱ्यानं तिला रान दाखवायला नेलं. गाव मागं टाकून चढ चढलं की माळ लागायचा. पूर्वी ते गायरान होतं. ते कसून खाणाऱ्या बौद्ध घरांच्या नावावर त्याचे तुकडे झाले, तेव्हा सासऱ्याच्या वाट्याला हा उताराचा तुकडा आला. "हे आपलं," सासरा म्हणाला, आणि एवढं म्हणताना त्याची मान ताठ झाली. केसरबाईनं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरून बघितली. वर बोटभर माती, खाली लालसर मुरूम. तिचं माहेर वैजापूरकडचं, काळ्या रानाचं. ते रान दुसऱ्यांचं, तिचे आईबाप तिथं मजुरीला जायचे. पण चांगली माती कशी लागते ते तिच्या हातांना ठाऊक होतं.

त्या रानात बाजरी पेरली की गुडघ्याएवढी व्हायची आणि तिथंच थांबायची. पाऊस आला की पाणी धावत उतरायचं आणि जाताना थोडी थोडी माती घेऊन जायचं. उघडीप पडली की चार दिवसांत पीक माना टाकायचं. सांडूला त्याचं काही वाटत नसे. तो कन्नडच्या रस्त्याला खडी क्रशरवर कामाला जायचा, घर त्याच्यावर चालायचं. रान म्हणजे त्याच्या लेखी बापाची आठवण, एवढंच.

मग एका दुष्काळी उन्हाळ्यात गावाजवळचा पाझर तलाव तळाला गेला. बागायतदार मंडळी ट्रॅक्टर लावून गाळ नेऊ लागली. केसरबाई मजुरीवरून परतताना तिथं थांबली, पदरात एक ढेकूळ बांधून घरी आली आणि जेवायला बसलेल्या सांडूच्या ताटाशेजारी ते ठेवलं.

"ही आपल्या रानात टाकायची."

"मातीला काय सोयरीक करून घरी आणायची का? ट्रॅक्टर कुणाच्या बापाचा?"

"तुमच्या मजुरीचा."

सांडू हसला. बायको हसत नाही हे बघून त्यानं ते ढेकूळ उचललं, बोटांनी चुरडलं, आणि बराच वेळ हात धुतला नाही.

त्या उन्हाळ्यात वरचा एक पट्टा झाला. ट्रॉली माळापर्यंत चढत नसे, म्हणून खाली ओतलेला गाळ दोघांनी टोपल्यांनी डोक्यावरून वर नेला. पुढच्या पावसात तिथली बाजरी सांडूच्या खांद्याला लागली. शेजारच्या मुरमातली तशीच गुडघ्याएवढी. सांडू एक पाय गाळात, एक पाय मुरमात ठेवून उभा राहिला आणि इकडं तिकडं बघत राहिला. त्या दिवसापासून तो त्या रानाचा झाला.

त्याला दगड कळायचे. क्रशरवरून आला की उजेड असेतोवर उताराला आडवे दगडी बांध रचायचा. कुठला दगड कुठं बसेल ते त्याला नुसतं हातात घेऊन समजायचं. पाणी बांधाला अडू लागलं, जिरू लागलं. दर उन्हाळ्याला जमेल तेवढा गाळ आणायचा, एखादा पट्टा काळा करायचा. धनगराचा कळप उतरला की त्याला धान्य देऊन मेंढ्या खतासाठी रानात बसवायच्या. लोक धसकटं नि पालापाचोळा पेटवून द्यायचे, केसरबाई तो गोळा करून खड्ड्यात कुजवायची. बाजरीच्या ओळींत तूर आली. तुरीचा पाला गळून जमिनीवर गादी झाली. विशाखा, त्यांची एकुलती लेक, त्या तुरीवर शहरात शिकून नर्स झाली.

शेवटचा खालचा पट्टा उरला होता, तेव्हा सांडूला खोकला लागला. आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग तो चढ चढताना मध्येच बसू लागला. विशाखानं त्याला शहरात घाटी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि सांगितलं, छातीत दगडाची धूळ बसली आहे, ती आता निघायची नाही.

केसरबाई घरी येऊन चुलीपुढं बसली ती बसूनच राहिली. क्रशरच्या मजुरीतून गाळाच्या ट्रॉल्या आल्या होत्या. सांडूला तिच्या मनातलं कळलं.

"क्रशरवर मी तू यायच्या आधीपासून जात हुतो," तो म्हणाला. "उगं काय बी डोक्यात घालून घेऊ नगं."

तो पट्टा तिनं एकटीनं केला. सांडू बांधावर बाजेवर बसून सांगायचा, इकडं वत, तिकडं पातळ झालंय. एका संध्याकाळी दम खात म्हणाला, "केसर, मला नदीला नेऊ नका. हितंच टाका."

"काय बी बोलू नका."

"राख बी खतच की," म्हणाला आणि हसला. हसताना खोकल्याची उबळ आली. तिनं पाठ चोळली.

तो गेल्यावर विहारातल्या मंडळींनी वंदना म्हटली, आणि विशाखानं बापाची राख मधल्या पट्ट्यात पुरून वर करंजाचं रोप लावलं. त्यानंतर केसरबाई रानात गेली की आधी त्या रोपापाशी जायची. तिथलं गवत उपटायची, थोडं बसायची आणि कामाला लागायची. तूर दर वर्षी दाट यायची. दुष्काळातही तिच्या रानातली ओल इतरांपेक्षा जास्त दिवस टिकायची.

गेल्या सप्टेंबरात पाऊस लागला तो थांबेना. माळ भिजला, डोंगराकडून लोंढा आला. सगळ्यात वरचा बांध फुटला, त्याच्या पाण्यानं दुसरा फोडला, दुसऱ्यानं तिसरा. केसरबाई घरात अडकली होती. पाऊस ओसरल्यावर ती चढ चढून गेली, तेव्हा तिला वाटलं आपण वाट चुकलो. समोर धुतलेला लाल मुरूम होता. तुरीचं एक झाड उरलं नव्हतं. सांडूनं रचलेले दगड उतारभर विखुरले होते. तिनं करंजाची जागा शोधली. ती कुठं असेल हेही ठरवता येईना, कारण जिच्यावरून ठरवायचं ती मातीच राहिली नव्हती.

ती रडली नाही. खाली वाकली आणि लग्नाच्या वर्षी केलं होतं तसं अंगठ्यानं उकरून बघितलं. नख दुखलं.

पंचनाम्याला माणसं आली, रान बघून गेली. विशाखा सुट्टी काढून आली. "आई, आता चल माझ्याकडं. इथं काय राह्यलंय?"

"काय नाय राह्यलं," केसरबाई म्हणाली, पण उठली नाही.

तिसऱ्या दिवशी गयासभाई दारात आले. त्यांचं रान उताराच्या पायथ्याशी. त्यांची बोंडं लागलेली कपाशी गाळाखाली गाडली गेली होती. ते ओट्याच्या कडेला बसले.

"भाबी, माझ्या रानात कमरेएवढी माती साचलीय. काळीभोर. ती तुमची हाय, मला वळखू येती. ट्रॅक्टर चढल तिथवर नेऊ, पुढं टोपल्यांनी वर टाकू."

केसरबाई दाराशी येऊन बसली.

"तुमची कपाशी गेली ना तिच्याखाली?"

"व्हय. गेली."

"आता ती येगळी कशी काढता? वरल्या सगळ्यांची हाय त्याच्यात. ऱ्हाऊ द्या, गयासभाई. बांध नाय, वर नेली तरी थांबायची नाय."

"सांडूभाईंनी लई जीव लावला हुता..." गयासभाईंचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. भाईंची राख कुठं पुरली होती ते त्यांनाही माहीत होतं. पुरायच्या दिवशी ते तिथं होते.

"पेरा काय तरी," केसरबाई म्हणाली. "आन पालापाचोळा पेटवू नका."

त्यांनी ज्वारी पेरली. माघात ती माणूस दिसेनाशी उंच झाली. रस्त्यानं जाणारा थांबून विचारायचा, काय टाकलं होतं? काढणीला केसरबाई इतर बायांबरोबर मजुरीला गेली. गयासभाईंच्या बायकोनं, नजमुन्निसानं, "तुम्ही नका येऊ, भाबी" म्हणून पाहिलं, पण तिनं ऐकलं नाही.

त्या भागात ज्वारी मुळासकट उपटतात आणि मुळाची माती झटकतात. पहिलं ताट उपटलं तेव्हा मुळांना माती लगडून आली. मऊ, काळी, आत एक गांडूळ वळवळत होतं. केसरबाईनं ते ताट तसंच हातात धरलं. बाकीच्या बाया पुढं गेल्या. तिला माती झटकवेना. बोटांनी ती मुळं हळूहळू मोकळी करू लागली, एकेक ढेकूळ खाली ठेवू लागली, आणि मग ती तिथंच खाली बसली. पावसापासून जे आलं नव्हतं ते रडू तेव्हा आलं.

नजमुन्निसा पाण्याचा तांब्या घेऊन धावली. जवळ आल्यावर तिनं तांब्या बाजूला ठेवला आणि ती शेजारी बसली. दोघी उभ्या ज्वारीत बसून राहिल्या. पलीकडं बायांचं बोलणं चाललं होतं, ते आपोआप बारीक झालं.

काढणी संपेपर्यंत केसरबाई रोज गेली. तिच्या ओळी सगळ्यात मागं असायच्या, पण तिला कुणी घाई केली नाही.

चैत्रात ती विशाखाकडं शहरात राहायला गेली. जायच्या दिवशी माळावर चक्कर टाकायची का, असं विशाखानं विचारलं. केसरबाई नको म्हणाली. जीप गयासभाईंच्या रानावरून जाताना मात्र तिनं मान वळवली आणि दिसेपर्यंत तिकडं बघत राहिली. ज्वारी निघाली होती. पालापाचोळा तसाच पडून होता, कुणी पेटवला नव्हता.