अंतराळवीराची सत्यप्रत

हसणार नसाल तरच सांगतो. हसणारच म्हणा तुम्ही, पण निदान चहा तोंडात असताना नको!

मला नाद अंतराळवीरांच्या सह्यांचा. कर्जतमध्ये लोक फार्महाउस जमवतात, मी सह्या. त्यातही जीव अडकलेला एका फोटोत. यान नुकतंच माळावर उतरलंय, अंतराळवीराला उचलून खुर्चीत बसवलंय, आणि त्याच्या पांढऱ्या पोशाखावर निळ्या शाईत झोकदार सही! पुण्याच्या एका गृहस्थाच्या मागे लागून लागून मिळवला होता. आमच्या भिसेगावात असं घर नसेल, जिथे मी तो दाखवला नाही.

तर खोपोलीत अशा वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं. त्यात माझा फोटो लागलाच पाहिजे, असं मी मनाशी ठरवून टाकलेलं. मुंबईच्या तज्ज्ञ बाई फोनवर म्हणाल्या, "घेऊन या सर, तपासून लावू. सोबत एक झेरॉक्स आणा, आमच्या फायलीला."

आता झेरॉक्स म्हटलं की माझे हात शिवशिवतात. का विचारा! अहो, मी निवृत्त मुख्याध्यापक. तालुक्यातल्या अर्ध्या पोरांच्या मार्कशीट मी साक्षांकित केल्यात. 'सत्यप्रत'चा शिक्का मारायचा, खाली सही ठोकायची. तो शिक्का खरं तर शाळेत जमा करायचा होता. राहिला माझ्याकडे. असो!

टेबलावर एकीकडे फोटो, एकीकडे त्याची रंगीत झेरॉक्स. समोर साजगावचा माझा मेहुणा, सुरेश.

"भावोजी," तो म्हणाला, "ही सही त्यानंच केली कशावरून? तुमी बगाया गेलेलात?"

"अरे, माझ्या नजरेला कळतं!"

"मला तर नाय वाटत. त्यो आताच आभाळातून खाली आलाय. येवढी सुबक सही? हात नसंल थरथरला?"

माझं डोकंच फिरलं. ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही, तो मला शिकवणार? "ही सही खरी आहे! खरी म्हणजे खरी!" असं ओरडत मी शिक्का पॅडवर दाबला आणि दाणकन हाणला. त्याच झटक्यात खाली सहीही केली, शेपटीसकट.

"अहो," आमची ही हळूच म्हणाली, "झेरॉक्स तर इकडे आहे."

बघतो तर काय! अंतराळवीराच्या छातीवर जांभळ्या अक्षरांत 'सत्यप्रत', त्याखाली 'मुख्याध्यापक', आणि माझी सही!

"म्हंजी ह्यो फोटो नुसती झेराक्स हाय, असं तुमीच लिवून दिलंत की!" सुरेश पोट धरून हसायला लागला. मला मात्र रडू यायचंच बाकी होतं. खरं सांगतो, त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

खोडरबर घासला, कापसानं स्पिरिट लावलं. शिक्का ढिम्म! शेवटी तसाच फोटो पिशवीत घालून खोपोली गाठली. सुरेश सोबत होताच. तो कसला सोडतोय!

बाईंनी भिंग लावलं. मी दिलगिरीचं भाषण पाठ करून गेलेलो. "मॅडम, तो शिक्का आहे ना, तो जरा चुकून..."

"शिक्क्याचं राहू द्या सर," म्हणत त्यांनी त्याच अंतराळवीराचे आणखी दोन फोटो काढून शेजारी ठेवले. तिन्ही सह्या एकसारख्या, अगदी शेवटच्या वळणापर्यंत. "माणसाच्या हातून तीनदा हुबेहूब अशीच सही होत नाही. मागणी इतकी असायची, की यंत्राला पेन लावून सह्या मारायचे. ही यंत्राची आहे."

सुरेशनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खांदे तेवढे गदगदत होते.

"मग... प्रदर्शनात नाही लागणार?" मी विचारलं.

"लागणार की! नकली सह्या कशा ओळखायच्या, त्या टेबलावर." बाईंनी फोटोच्या खालच्या बाजूला कागदाची एक पट्टी धरून पाहिली. "फक्त तुमची सही झाकावी लागेल, सर. या फोटोवर तेवढी एकच खरी आहे. लोकांचा उगाच गोंधळ होईल."