थकबाकीचा रंग

“हा निळा कुणी घातला ह्यात?”

अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं. संचालक मंडळाची बैठक होती. भिंतीवर आमच्या पतसंस्थेचा ताळेबंद आलेखांतून उभा होता. ठेवींचे खांब, कर्जाचे खांब, नफ्याची रेघ. सगळं निळं. मी शेजारी उभी.

“मी केलेत आलेख, सर.”

“ते ठावं हाय. म्हणून तर इचारायलो. ही संस्था हाय का तुमची जयंती?”

सगळे हसले. व्यवस्थापकसुद्धा हसले. एक संचालक म्हणाला, “उद्या वर चक्र बी लावंल ही.” पुन्हा हसले.

“बदल. आत्ता बदल, आमच्यासमोर. केशरी कर.”

मी लॅपटॉपपाशी बसले. प्रोजेक्टर चालूच होता. माऊसचा बाण समोर भिंतीवर अडखळत फिरत होता, सगळ्यांना दिसेल असा. एका आलेखावर जायचं, रंगांची चौकट उघडायची, केशरी निवडायचा. मग दुसरा आलेख. मग तिसरा. ते चहा पीत बघत होते. “हां, आता कसं मंगल दिसायलंय,” अध्यक्ष म्हणाले. मला रडू आलं नाही. लाज वाटली. गुन्हा त्यांचा आणि लाज मला, हे मला आजही सहन होत नाही.

मी बौद्ध. आमचं गाव जळकोट तालुक्यात. नांदेडला वसतिगृहात राहून एम.कॉम. केलं आणि जळकोटच्या ह्या संस्थेत हिशेबाला लागले. तात्पुरती. कायम करायचं की नाही, ते ह्याच मंडळाच्या हातात. बापानंतर घरात दुसरं कमावतं माणूस नाही. कायम व्हायचं, एवढंच डोक्यात घेऊन मी रोजची बस गाठत होते.

आमच्या भागात नवा जिल्हा होणार, अशी तेव्हा पुन्हा हवा उठली होती. नवा जिल्हा झाला की आपली संस्था जिल्ह्याची, आणि आपण जिल्ह्याचे पुढारी, असं अध्यक्षांच्या मनात. म्हणून तर अहवालाचं सॉफ्टवेअर घेतलं. लातूरहून एक जण शिकवायला आला होता. तक्ता निवडा, बटण दाबा, खांब उभे राहतात. रंग आपण सांगितला नाही तर सॉफ्टवेअर आपल्याच मनाने देतं, आणि पहिला देतं तो निळा. मी काही सांगितलंच नव्हतं.

आदल्या वर्षीचे आलेखही मीच केले होते. तेही निळेच होते. पण ते वाचून दाखवले अध्यक्षांच्या पुतण्याने. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. त्या निळ्यात कुणालाही जयंती दिसली नाही. ह्या वेळी पुतण्या कुणाच्या तरी लग्नाला गेला होता, म्हणून व्यवस्थापकांनी मला उभं केलं. रंग तोच होता. फक्त त्याच्या शेजारी ह्या वेळी मी होते.

संध्याकाळी घरी गेले तर माय विहिरीवर. दुष्काळ लई होता तेव्हा. टँकर येऊन विहिरीत पाणी सोडायचा, आणि गावच्या बायकांचं शेंदून झालं की मग आमच्या वस्तीच्या बायका. मायला मी झालेलं सगळं सांगितलं. ती दोर ओढत ओढतच बोलली.

“मंग बदल की. रंगानं घागर भरती का? आपला नंबर येस्तोवर निसता गाळ राहतोय. मी भांडायली का? आदी कायम हो बाई, मंग कर तुजं काय ते.”

मला तिचा संताप आला. तिच्या घागरीत बघितलं, तर पाणी गढूळ. मग कुणाचा संताप करावा ते कळेना. पुढे कितीतरी दिवस मी मुकाट्याने केशरी खांब उभे करत राहिले.

वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी व्यवस्थापकांनी केबिनमध्ये बोलावलं.

“समदं केशरी राहू दे. थकबाकीचा तेवढा निळा ठेव. अध्यक्ष म्हणलेत. जरा गंमत हुईल सभेत.”

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. ते थट्टा करत नव्हते.

त्या साली हप्ते सगळ्यांचेच थकले होते. बागायतदारांचे थकले होते आणि आमच्या बचत गटातल्या बायकांचेही. आभाळाने कुणाची जात विचारली नव्हती. आता माझ्या हातून त्या थकबाकीला आमचा रंग लावून घ्यायचा होता.

ऑफिसात मी नेहमी पुस्तकी बोलायचे. जपून, तोलून. त्या दिवशी तोंडातून घरची भाषा बाहेर आली.

“मी न्हाई करणार.”

“सभा झाली की कायमचा ठराव हाय. ध्यानात ठेव.”

“ठेवलाय की.”

बाहेर येऊन पुन्हा माझ्या जागेवर बसले. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? मायचा चेहरा दिसत होता.

सभा मंगल कार्यालयात. पुढच्या खुर्च्यांवर मोठी मंडळी, मागे सतरंजीवर बचत गटाच्या बायका. पुतण्या माईक घेऊन उभा. माझ्याकडे लॅपटॉप. तो बोलणार आणि मी पानं पुढे सरकवणार. ठेवी झाल्या, नफा झाला. पुढचं पान सरकवलं आणि थकबाकी आली. निळी. पुतण्याने सकाळी स्वतःच बदलून ठेवली होती.

“आन हे निळे खांब कुणाचे, ते वळखलंच आसंल तुमी,” तो म्हणाला.

पुढच्या रांगा खदखदून हसल्या. मी मागे बघितलं. आमच्या वस्तीतली एक म्हातारी, जिने शेळ्या विकून हप्ते भरले होते, तिने पदर पुढे ओढून मान खाली घातली. तिने काय केलं होतं मान खाली घालायला?

मी लॅपटॉपमधली प्रोजेक्टरची वायर उपटली.

अख्खी भिंत निळी झाली. वायर निघाली की तो प्रोजेक्टर निळाच व्हायचा, त्याची ती रीतच होती. कुणीतरी ओरडलं, “लाइट गेली का?” मी उठून उभी राहिले. माईक नव्हता.

“मागच्या सालचे आलेख मी केले. आवंदाचे बी मीच केले. हा एक माझा न्हाई. हप्ते समद्याचेच थकलेत, आन रंग तुमी आमचाच लावायलाव. आमाला बुडवे ठरवायलाव.”

“हिला भायेर काढा!” अध्यक्ष ओरडले.

“मी सभासद हाय. शेअर हाय माजा. ही सभा माजी बी हाय. कोण काढतंय बघू.”

कुणी हात लावला नाही. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. मागच्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या, घाबरून. पुढचं कामकाज आलेखांशिवाय उरकलं.

सभेनंतर मंडळाची बैठक झाली, तिच्यात मला कायम करायचा ठराव आलाच नाही. महिनाअखेर मला कामावरून काढलं. आता मी औशाला एका अडत दुकानात हिशेब लिहिते. माय अजून म्हणते, “तोंड आवरलं आस्तंस तर आज कायम आस्तीस.” खरं आहे ते. मी तिच्याशी वाद घालत नाही. पण तिच्यासारखी थांबणारही नाही.

संस्थेचा निरोप आला होता, शेअरचे पैसे परत घेऊन जा, सभासदत्व सोड. मी नाही सोडलं. सोडणार नाही. दरवर्षी सभेला रजा टाकून जाणार, पुढच्या खुर्चीवर बसणार आणि बोलायला वेळ मागणार. नाही दिला तरी बोलणार.