उभ्या टीव्हीचे काका

आमचे घरमालक काका बातम्या आडवे पडून बघायचे. आळसानं नव्हे, टीव्ही उभा होता म्हणून. चांगला मोठा, चपटा, नवाकोरा टीव्ही त्यांनी एका कडेवर उभा केला होता आणि कुलरच्या लोखंडी स्टँडला नट-बोल्टांनी असा आवळला होता की कोणाच्या बापाला हलू नये. बातम्या देणारी बाई त्यात आडवी, भिंतीला चिकटल्यासारखी दिसायची. मग काका दिवाणावर डाव्या कुशीवर पडायचे, कानाखाली उशी घ्यायचे आणि म्हणायचे, "आता झाली दुनिया सरळ."

मी अमरावतीची. बँकेनं बदली करून मला अकोल्याला आणून टाकलं आणि मी काकांच्या वरच्या खोलीत राहायला आले. नवरा, सासूबाई तिकडे. शनिवारी संध्याकाळची गाडी धरायची, अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरायचं, सोमवारी सकाळी पुन्हा हजर. बाकी दिवस मी वर एकटी आणि काका खाली एकटे. काकू दोन वर्षांआधी गेलेल्या, मुलगा बाळू पुण्यात. त्या घरात रोज दोन कुकर लागायचे आणि दोन्हींत एकेका माणसाचा भात असायचा.

गल्लीत सगळे म्हणायचे, बायको गेल्यापासून म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मला पोटात काही ठेवता येत नाही, त्यामुळे आठवड्याभरातच मी तोंडावर विचारलं, "काका, हा टीव्ही असा का उभा केला हो?"

"गेम खेळाले," काका म्हणाले. अगदी 'दळण आणाले' म्हणावं तसं.

बाळूनं करमणुकीसाठी पुण्याहून एक डबी पाठवली होती, खेळायच्या दोन दांड्यांसकट. टीव्हीला जोडली की जुन्या काळचे व्हिडिओ गेम त्यात दिसायचे, पार्लरमधल्या मोठमोठ्या मशिनींवर असायचे ते. काकांना त्यातला एकच हवा होता, विमानाचा. विमान खालून वर उडत जातं आणि समोरून शत्रूची विमानं अंगावर येतात. पण त्या मशिनीचा पडदाच उंच असायचा. आडव्या टीव्हीवर तो गेम मधल्या एका पट्टीत यायचा आणि दोन्ही बाजूंना नुसता काळोख. "इकून अंधार, तिकून अंधार, मंधात बोळ," काका चिडून सांगत. "आमी का बोळीत विमान उडवत होतो का, मॅडम? आमचं आभाळ चांगलं उंच होतं." मग त्यांनी डबीत चित्र फिरवायची सोय शोधली, वेल्डिंगवाल्याला बोलावलं आणि टीव्हीच उभा करून टाकला. उभा टीव्ही तापतो असं कोणीतरी भरवून दिलं, तर भर मे महिन्यात टेबलफॅनचं तोंड टीव्हीकडे आणि स्वतः घामानं निथळत बसलेले. काय म्हणावं या माणसाला!

'आमी' म्हणजे काका आणि काकू. काका तिला नेहमी 'बाळूची माय' म्हणायचे. लग्न झालं तेव्हा सगळे हिवरखेडला एकत्र. घरात माणूसच माणूस. "बायकोशी दोन शब्द बोलाचे म्हनलं तं गोठ्यातबी कोनी ना कोनी राहेच. मंग तिनंच आयडिया काढली, म्हने माही दाढ दुखते." दाढेचा डॉक्टर अकोल्याला. दोघं सकाळच्या एसटीनं यायचे. दवाखान्यात एकदाच गेले. त्यानंतर दर खेपेला बसस्टँडजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये. गावचा एकही मोठा माणूस जिथं चुकूनही पाय ठेवणार नाही, अशी अख्ख्या अकोल्यात तेवढीच जागा. एकाच मशिनीवर दोन दांडे, निळं विमान काकांचं, लाल काकूंचं. डोक्यावरचा पदर सावरत, हिरव्या बांगड्या खळखळवत काकू विमानं पाडायच्या आणि कॉलेजची पोरं आपला गेम सोडून बघत राहायची. "दाढेनं लय सुख देल्लं आमाले," काका म्हणायचे आणि स्वतःच लाजायचे.

पण सहाला हिवरखेडची शेवटची गाडी. ती चुकली तर घरी काय तोंड दाखवणार? त्यामुळे गेमचा शेवट त्यांनी कधीच पाहिला नाही. एसटीत बसलं की काकू विचारायच्या, "काहो, ते विमान कुठं उतरते का नाई? का नुसतं उडतच राह्यते?" काका म्हणायचे, पुढच्या खेपेला पाहू. पुढं बाळू झाला, दाढ बरी झाली, पार्लर जाऊन तिथं मोबाइलचं दुकान आलं. बाळूच्या शाळेसाठी यांनी अकोल्यातच घर बांधलं, तरी कधी मधूनच, भाकरी थापता थापता काकू म्हणायच्या, "ते विमान राह्यलंच पाहाचं." दवाखान्यात शेवटी शेवटी पण म्हणाल्या. डबी आली ती त्यानंतर.

तेव्हा काकांना एवढंच हवं होतं. विमान उतरतं की नाही ते बघायचं.

आणि ते त्यांना जमत नव्हतं. ते गेम दोघांचाच लावायचे. लाल विमान कोणी न चालवता खाली तसंच उभं राहायचं. त्याला वाचवायला काका आपलं निळं विमान मध्ये घालायचे आणि दोन्ही गमावून बसायचे. बटण दाबलं की डबी फुकटात नवं विमान द्यायची, ते त्यांना चालायचं नाही. "फुकटचं उतरलं तं ते उतरलं नाई." बरं, खेळ रंगात आला असला तरी सहाच्या सुमाराला उठायचे. "चला, गाडीचा टाइम झाला." कसली गाडी? स्वतःच्याच घरात बसलेले!

एकदा मी भाजीची वाटी द्यायला गेले आणि म्हटलं, "काका, लाल विमान मी चालवू?"

"त्याले हात नोका लावू," एवढं तुटकपणे बोलले की मी वाटी तिथंच ठेवून वर आले. वाईट वाटलं, खरं सांगते. चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी बँकेतून आले तर फाटकाशीच उभे. "या मॅडम. बसा. तिच्यासारखं खेळसान का?"

मी कसली खेळते! पहिल्या मिनिटाला खलास. काका शिकवायचे, "गोळ्या कमी मारा, वाचा जास्त. बाळूची माय मारे कमी, वाचे जास्त." हळूहळू जमलं. मला त्या अर्ध्या तासाची इतकी सवय झाली की बँकेत पाचनंतर कोणी काम काढलं तर अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग दिवाळीत बाळू आला आणि ठरवून गेला. बाबा आता पुण्याला. त्याचंही बरोबरच होतं. पण त्याच्या फ्लॅटमधला टीव्ही भिंतीत पक्का बसवलेला, तो काही उभा होणार नव्हता. काकांनी नट-बोल्ट तेवढे पुन्हा आवळले.

जायच्या आधीचा शनिवार होता. माझी बॅग भरून दारात. काका म्हणाले, गाडीला वेळ आहे, एक डाव होऊ द्या. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, पण आम्ही कधी नव्हे इतके पुढं गेलो. खाली समुद्र लागला. सहा वाजायला आले. काकांनी घड्याळाकडं पाहिलं, अर्धे उठले. मी दांडा सोडला नाही. ते पुन्हा बसले.

"जाऊ द्या आज गाडी," ते म्हणाले.

त्यांची गाडी सवयीची होती, माझी खरीच होती. दोन्ही जाऊ दिल्या. शेवटचं मोठं विमान फुटलं, गोळ्या थांबल्या, आणि समुद्रात एक लांबलचक जहाज आलं. आधी निळं विमान त्यावर टेकलं. मागून लाल. आम्ही दांड्यांना हातही लावला नव्हता, आपोआप उतरली.

"उतरते," काका म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "पन मॅडम, आता सांगाचं कोनाले?"

"मला सांगा ना, काका."

"तुमी तं सोबतच होत्या."

मग काकांनाच आठवलं, गावाकडं एक माणूस आहे सांगण्यासारखं. मी घरी फोन करून गाडी चुकली सांगितलं आणि रविवारी काकांबरोबर हिवरखेडच्या एसटीत बसले. तिथं त्यांच्या थोरल्या वहिनी होत्या, पार वाकलेल्या. काका पाया पडले आणि म्हणाले, "वैनी, आज कबूल करतो. बाळूच्या मायची दाढ दुखत नोती."

वहिनी हसल्या. "मले का मालूम नोतं? दाढ दुखनारी बाई कडाकडा सुपारी फोडते का, भाऊजी? मीच सासूले म्हनो, लय ठनकते बिचारीची, जाऊ द्या."

काका ढसाढसा रडले. काकू गेल्या तेव्हाही रडले नव्हते म्हणे. डोळे पुसून म्हणाले, "वैनी, ते विमान उतरते." वहिनींना कुठलं विमान आणि काय, काही कळलं नाही. "सुखरूप उतरलं ना?" त्यांनी विचारलं. "मंग झालं तं."

काका पुण्याला गेले. स्टँड मला दिला, त्यावर आता माझा कुलर आहे. खाली कुलूप. शनिवारी मी गाडीत बसले की त्यांचा फोन येतो, "भेटली का गाडी?" मागच्या वेळी आवाज खोल गेलेला वाटला. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, टीव्ही पाहायला बसलो की अजून डाव्या कुशीवरच पडतो. सुटत नाही सवय. सूनबाईला वाटतं, बाबा झोपले. ती बिचारी येते आणि हळूच टीव्ही बंद करून जाते.

"मी जागाच राह्यतो मॅडम. पन सांगाचं कोनाले?"

"मला सांगा ना, काका," मी म्हटलं.

या वेळी मी सोबत नव्हते. त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि बडनेरा येऊन गेलं तरी मला उतरायचं भान राहिलं नाही.