पत्ता कल्याणचा

मेकॅनिकल इंजिनियर झालेला धनेश दोन वर्षं आपल्याच गावातल्या, काल्हेरच्या गोदामांचे उंबरठे झिजवत होता. मुलाखत बरी व्हायची, मग गाव विचारायचे. काल्हेर म्हटलं की साहेब फाइल मिटायचा. "लोकल पोरं नकोत. जरा काही झालं की गाव गोळा करतात." गोदामं बांधायला जमिनी मात्र लोकलच्याच चालल्या यांना!

शेवटी थकून त्यानं मावशीचा कल्याणचा पत्ता दिला आणि तिथल्याच एका गोदामात फोर्कलिफ्टच्या मेंटेनन्सची नोकरी लागली.

पहिल्याच दिवशी गेटबाहेरच्या आपल्या चहाच्या टपरीवरून त्याचा सख्खा चुलता हिरामण ओरडला, "आरं धन्या, तू हितं? बोल्लास न्हाय!"

सोबतच्या साहेबानं विचारलं, "ओळखतोस यांना?"

"नाही सर," धनेश खाली बघत म्हणाला.

हिरामणनं कप पुसायला घेतला. मग म्हणाला, "माझीच चूक, साहेब. चहा देऊ?"