आमच्या डोक्यावरचा हिमालय

समुद्रसपाटीला राहून रोज हिमालय चढणारा माणूस अख्ख्या वाशीत एकच होता, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर राहायचा. मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. तरुणपणी फौजेनं त्यांना काश्मीरकडे बर्फाच्या डोंगरात लढायचं शिक्षण घ्यायला पाठवलं होतं. ते शिक्षण संपलं, नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, खाडीकाठच्या दमट वसाहतीत फ्लॅट झाला, पण सुभेदार काही तो डोंगर उतरले नाहीत. मेथीची जुडी आणायला निघाले तरी पाठीवर फौजी पिठ्ठू असायचा. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून उभे राहायचे. दम लागला म्हणून नव्हे, तर अंगाला वरच्या हवेची सवय व्हावी म्हणून. वरची हवा म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातून येणारी, बोंबील तळल्याची. जिन्यात ते कायम कुजबुजत बोलायचे, कारण मोठ्यानं बोललं की वरचा बर्फ सुटतो, हे अंगात भिनलेलं. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून फार तर कुणाची वाळत घातलेली चादर सुटली असती, पण बिल्डिंगमधली पोरंसुद्धा त्यांच्या नादानं जिन्यात कुजबुजू लागली, आणि ही गोष्ट मात्र मला मनापासून आवडायची. मे महिन्यात सरबतात बर्फ घातला तर ग्लास बाजूला सारून म्हणत, "ताई, बर्फ पोटात घालायचा नसतो. तो आपल्याला पोटात घालतो."

सगळ्यात अवघड होतं ते त्यांचं पायांचं प्रकरण. थंडीनं बोटं बधिर झाली की माणसाला कळत नाही, आणि कळलं तरी लाजेपायी तो सांगत नाही, म्हणून रोज संध्याकाळी दुसऱ्याचे पाय बघायचे, असा त्यांच्या शिक्षणातला नियम. "सोताच्या पायाबद्दल माणूस खोटं बोलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या नणंदेला बघायला पाहुणे आले, त्या दिवशी बिल्डिंगमधली वडीलधारी व्यक्ती म्हणून आम्ही सुभेदारांनाही बोलावलं होतं. पोहे झाले, चहा झाला, पुढे काय बोलावं ते कुणालाच सुचेना. तेवढ्यात सुभेदार नवऱ्यामुलाला म्हणाले, "मोजे काढा." त्यांच्या आवाजात असं काही असायचं की समोरचा आधी ऐकायचा आणि मग विचार करायचा. मुलानं मोजे काढले. सुभेदारांनी खाली बसून त्याचं एकेक बोट दाबलं, नखाखाली रक्त परत येतंय का ते पाहिलं आणि भर बैठकीत निकाल दिला, "रक्त झकास फिरतंय. द्या पोरगी." मुलाची आई इतकी हसली की मानपानाचं बोलणं राहूनच गेलं. लग्न झालं, संसारही उत्तम चालला आहे, आणि त्याचं श्रेय सुभेदार कधीही दुसऱ्याला घेऊ देत नसत.

त्या शिक्षणात प्रत्येकाला एक जोडीदार असायचा. एकाच दोरीचं एक टोक याच्या कमरेला, दुसरं त्याच्या. सुभेदारांचा जोडीदार ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या तळवलीचा, मिठागरात काम करणाऱ्या घरातला. समुद्राशिवाय काही न पाहिलेला हा माणूस बर्फात कसा टिकला, हे तोच जाणे. दर रविवारी तो मासळी घेऊन यायचा आणि दोघं भांडत बसायचे. भांडणाचा विषय कायम एकच. शिक्षणाच्या काळात त्यांच्यापैकी एकजण बर्फाच्या भेगेत पडला होता आणि दुसऱ्यानं त्याला दोरीवर धरून ठेवलं होतं. लोक आपापली फुशारकी मारतात. या दोघांचं उलटंच. सुभेदार म्हणत, "आरं, पडलो मी, धरलंस तू!" आणि जोडीदार उसळून म्हणे, "तुना काय आठवतंय? खाली मी व्हतो. वर तुजा थोबाड दिसत व्हता!" सुभेदारांच्या पत्नी, आमच्या काकू, पापलेटं तळता तळता मला म्हणायच्या, "कुणी का पडंना, वर आले न्हवं दोघंबी?" पण तेवढ्यानं मिटणारं भांडण नव्हतं ते.

एका पावसाळ्यात जोडीदाराला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवा पाय गेला. डॉक्टरांनी सांगितलं, आता लगेच चालवलं तर पाय येईल, पडून राहिला तर कायमचा गेला. आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मुलांनी चांगला पलंग आणला, उशाशी रेडिओ ठेवला, सुना हातात ताट द्यायच्या. कुणी उठवायला गेलं की म्हणे, "मना नको उठवू. माजा पाय मेलाय." रोज थोडा थोडा तो स्वतःही मरत होता, हे सगळ्यांना दिसत होतं.

सुभेदार रोज बसनं तळवलीला जाऊ लागले. गोडीनं सांगून झालं, रागावून झालं. एकदा संध्याकाळी परतताना ते आमच्याच मजल्यावर थांबले आणि त्या दिवशी मला प्रथमच वाटलं, की यांना खरोखरच दम लागलाय. मी म्हटलं, "सुभेदार, त्याच्या घरचे आहेत की. तुम्ही किती जिवाला लावून घ्याल?" ते नेहमीच्या कुजबुजत्या आवाजात म्हणाले, "ताई, त्या बर्फात आमी काय काय केलं, ते आता त्याला म्हाईत आन् मला. तो गेला, तर ते खरंच घडलं हुतं का, हे मी कुणाला इचारू?" 

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिठ्ठूत दोर भरला. दुपार उलटली तरी परतले नाहीत, तेव्हा काकू घाबरल्या आणि सुट्टी होती म्हणून मी त्यांच्याबरोबर डबा घेऊन तळवलीला गेले. दारात निम्मं गाव जमलं होतं. आत पाहते तो जोडीदार पलंगावर, त्याच्या कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक कमरेला बांधून सुभेदार समोर स्टुलावर बसलेले. सून रडकुंडीला आली होती. "काकी, बघा ना ओ! सकालपासून सोडत नाय बाबांना. जेवन नाय, पानी नाय!"

काकूंनी विचारलं, "आवो, वडताय तरी कशाला त्यांना?"

"वडतंय कोन? दोर वडायला नसतो, पडला तर धरायला असतो. चढायचं ज्याचं त्यानं. पन एकदा बांधल्यावर वर पोचल्याबिगर गाठ सोडायची न्हाई, हा नियम हाय. त्यो उठंपतूर मी हाय हितंच."

"मंग बस मरेपरत!" जोडीदार भिंतीकडे बघत ओरडला.

"बसतो."

आणि बसले. दोघंही हट्टाला पेटलेले. दोघांच्या हट्टात डब्यातली भाकरी वाळून गेली. शेवटी जोडीदाराच्या संतापाचा कडेलोट झाला. त्यानं डाव्या हातानं पलंगाची कड धरली, शिव्यांची लाखोली वाहत ढुंगण सरकवलं आणि उभा राहिला. "चल! भाईर हो माज्या घरातशी!" सुभेदार निमूटपणे एक पाऊल मागं सरले. तो एक पाऊल पुढं आला. उजवा पाय फरफटत होता, पण येत होता. असं सुभेदारांना घरातून हाकलता हाकलता तो उंबऱ्यापर्यंत आला, आणि आपण कुठं उभे आहोत हे लक्षात आल्यावर दाराची चौकट धरून लहान पोरासारखा रडला. सुभेदारांनी डोळे पुसले नाहीत. दोन्ही हातांनी दोर धरलेला होता.

त्यानंतर उंबरा झाला, अंगण झालं, रस्ता झाला. थंडी सरता सरता एका रविवारी दोघं दोर बांधून आमचा जिना चढले. प्रत्येक मजल्यावर दारं उघडी होती आणि सगळी बिल्डिंग श्वास रोखून उभी होती. वरून भांडणाचा आवाज ऐकू आला, तेव्हा कुठे आम्ही दारं लावली.

अशी पुढे बरीच वर्षं मिळाली त्यांना. मग एका उन्हाळ्यात जोडीदार झोपेतच गेला. तिथं कुठल्याच दोराचा उपयोग नव्हता. रविवारी सुभेदारांना एकटं वाटू नये म्हणून मी वर जाऊन बसू लागले. ते त्या भेगेची गोष्ट सांगायचे, "मी पडलो, त्येनं धरलं." मी "हो का?" म्हणायचे. आणि मग ते दाराकडे बघत बसायचे. काही रविवार असेच गेले. अखेर एकदा मी धीर करून म्हटलं, "काहीतरीच काय सुभेदार? पडला तो होता. धरलं तुम्ही."

ते चमकून माझ्याकडे बघत राहिले. काकूंचा हात पोळपाटावर थांबला. मला वाटलं, आपण नको तिथं बोट ठेवलं. आणि मग सुभेदार खुर्चीत ताठ झाले.

"तुमाला काय ठावं?" ते ओरडले, चांगलं जिन्यात ऐकू जाईल असं ओरडले. "तुमी हुता का तितं? आवो, पडलो मी!"

आणि खुर्ची पुढे ओढून त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.